नातीला पहिले दोन महिने मी कडेवर घेतलं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात अधूनमधून बातमी येते, अमुक जिल्ह्यातल्या शिशुगृहातल्या बाळाला इटलीच्या नाहीतर अमेरिकेच्या जोडप्याने दत्तक घेतलं, सोबत फोटो, हार, पेढे, आणि खाली लोक लिहितात की पोराचं नशीब उजळलं. मीपण आधी तेच म्हणायचे. पण गेल्या वर्षी माझ्या मुलाने आणि सुनेने विदर्भातल्या एका शिशुगृहातून मुलगी दत्तक घेतली आणि मी सुरुवातीपासून त्यांच्यासोबत होते, आधी नागपूर, मग दिल्ली, मग न्यू जर्सी. तो फोटो काढून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र, थोडं मोठं झालंय पण जमेल तेवढं छापा. नातीचं नाव, गाव काही लिहीत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 मध्ये अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे, आणि कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं.

मुलगा-सून 14 वर्षं तिकडे आहेत, आता तिकडचे नागरिक. कारात, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणात, तिकडच्या संस्थेमार्फत नोंदणी झाली, घराची पाहणी झाली, पोलीस तपासणी झाली, आणि मग नुसतं थांबायचं. एक दिवस मुलीचा फोटो, तिचा अहवाल आणि डॉक्टरांचे कागद आले. सव्वातीन वर्षांची. मी तो फोटो मोबाईलवर इतक्यांदा मोठा करून बघितला की तिच्या डाव्या भुवईवरचा छोटा व्रण मला तिला भेटायच्या आधीच पाठ होता.

पूर्वी दत्तकाचा आदेश कोर्टातून यायचा. सप्टेंबर 2022 पासून तो जिल्हाधिकारी देतात. काराचं ना-हरकत आलं की आदेशाची वाट बघत असताना मुलाला आपल्याजवळ ठेवता येतं, पण फक्त भारतातच. म्हणून आम्ही नागपुरात भाड्याने फ्लॅट घेतला. आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट, परदेशी दत्तकासाठीच्या हेग कराराचं ते कलम 23 चं प्रमाणपत्र, म्हणजे दत्तक करारातल्या नियमांप्रमाणे झालं असा दाखला, मग दिल्लीला मेडिकल आणि व्हिसा, सगळं धरून जवळजवळ दोन महिने गेले. नातेवाईक फोनवर विचारायचे, काय हो, अजून कागद होतच आहेत का, किती वेळ वाया. मलाही तसंच वाटायचं. आता वाटतं की तोच वेळ सगळ्यात महत्त्वाचा होता.

पहिल्याच दिवशी सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं, आई, एक मागते, रागावू नका, काही आठवडे हिला भरवणं, अंघोळ, कपडे, झोपवणं आणि रडली तर जवळ घेणं हे फक्त आम्ही दोघं करणार, तुम्ही घरात असा, तिच्याशी बोला, हसा, गाणी म्हणा, पण ती हात वर करून तुमच्याकडे आली तर तिला माझ्याकडे पाठवा. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे दत्तक घेणाऱ्यांना आधी किमान 10 तासांचं ट्रेनिंग घ्यावं लागतं, त्यात हे शिकवलं होतं.

मला राग आला, खरंच आला. मी दोन नातवंडं न्हाऊमाखू घातलेली, मुलीची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची, आणि मला सांगतात मुलीला हात लावू नका. मी त्या रात्री जेवले नाही आणि नाशिकला परत जाते म्हणाले. मुलगा काही बोलला नाही, फक्त माझ्याजवळ बसून राहिला. थांबले, कारण तिकीट चार दिवसांनंतरचंच मिळत होतं. त्या चार दिवसांत जे बघितलं त्याने माझं मत बदललं.

पोरगी कुणाकडेही जायची. लिफ्टमधल्या अनोळखी बाईचं बोट धरायची, दूधवाल्याच्या गळ्यात पडायची, वॉचमन जेवत बसला की त्याच्या मांडीवर. मी कौतुकाने म्हणाले, किती लाघवी आहे गं, परकं असं कुणी नाहीच हिला. तेव्हा सुनेच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाली, आई, परकं कुणी नाही म्हणजेच आपलंही कुणी नाही. सव्वातीन वर्षांच्या लेकराने अनोळखी माणूस बघून आईच्या मागे लपायला पाहिजे. शिशुगृहातल्या मावश्या जीव लावतात, पण त्यांची ड्युटी असते, सकाळची मावशी वेगळी, रात्रीची वेगळी, कुणी नोकरी सोडून जाते. मूल एवढंच शिकतं की समोर जो येईल त्याला हसून दाखवायचं, मग काहीतरी मिळतं. जॉन बोल्बी नावाच्या डॉक्टरांनी 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी यावर अहवाल लिहिला होता, की लहान मुलाला नुसतं खाणंपिणं पुरत नाही, एक कायमचं माणूस लागतं. मुलाने मला हे सगळं मराठीत समजावून सांगितलं. म्हणजे मी तिला कडेवर घेतलं असतं, दूधवाल्याने घेतलं असतं, शेजारणीने घेतलं असतं, तर तिच्यासाठी हेपण एक शिशुगृहच झालं असतं, फक्त थोडं छोटं आणि फॅन चांगला असलेलं.

मग मी तिकीट काढायचं राहू दिलं आणि स्वयंपाकघर सांभाळलं. वरण-भात मी करायचे पण ताट सुनेच्या हातात द्यायचे. पोरगी माझ्याकडे हात वर करून आली की मी खाली बसून म्हणायचे, तुझी आई कुठंय, चल शोधू, आणि तिला सुनेपर्यंत घेऊन जायचे. दिवसातून वीस वेळा. हे करताना आतून काय होतं ते ज्या आज्या वाचत असतील त्यांना सांगायला नको.

दोन गोष्टी जवळून बघितल्या त्या सांगते. पहिल्या आठवड्यात तिच्या उशीपाशी मुंग्या झाल्या. उशीचा अभ्रा काढला तर आत पोळीचे तुकडे, एक अर्धं बिस्किट, भाताचा वाळलेला गोळा. मी म्हणाले अगंबाई, आणि झटकायलाच निघाले होते, सुनेने माझा हात धरला. तिने बाजारातून झाकणाचा छोटा स्टीलचा डबा आणला, त्यात फुटाणे, मनुका, बिस्किटं भरली आणि तो पोरीच्या उशाशी ठेवून म्हणाली, हा तुझा, हा कधीच रिकामा होणार नाही. पहिले काही दिवस ती रात्री तीन-चार वेळा उठून झाकण उघडून बघायची. खायची नाही, नुसतं बघायची आणि झाकण लावायची. अंधारात त्या झाकणाचा आवाज यायचा आणि आम्ही तिघं आपापल्या जागी जागे असायचो. सून रोज सकाळी डबा भरायची, त्यातलं काही संपलेलं नसलं तरी. तो डबा विमानात पण आमच्यासोबत होता, सिक्युरिटीवाल्याने उघडून बघितला तेव्हा पोरीने श्वास रोखून धरला होता.

दुसरी गोष्ट रडण्याची. ती रडायचीच नाही. पडली, खरचटलं, रक्त आलं तरी गप्प. रात्री डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत पडून राहायची. मी म्हणायचे किती शहाणं लेकरू. नवव्या रात्री काय झालं माहीत नाही, अकराच्या सुमाराला ती जी रडायला लागली ती दोन तास. मावशी कुठी हाय, मले मावशीकडे जायचंय, एवढंच. सुनेला ओरबाडत होती, लाथा मारत होती. सून जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती तिला धरून, आणि फक्त म्हणत होती, हो गं, मावशीची आठवण येते ना, मी आहे इथे, मी आहे. मी दाराशी उभी राहून पदर तोंडात कोंबला होता. मुलगा हळूच म्हणाला, आई, रडतेय हे चांगलं आहे, रडलं की कुणीतरी येतं असं तिला वाटायला लागलंय. एक वाजता ती सुनेच्या खांद्यावर झोपली. सून तशीच सकाळपर्यंत भिंतीला टेकून बसून होती.

कुणाकडेही जाणारी पोरगी, पण माझ्या मुलाला मात्र ती बरेच दिवस जवळच येऊ द्यायची नाही. त्याने घाई केली नाही. रोज संध्याकाळी सहाला जमिनीवर बसायचा, ती भातुकली मांडायची आणि हा लांबूनच खोटा खोटा चहा प्यायचा, अजून साखर घाला म्हणायचा. दहा दिवस नुसता खोटा चहा. अकराव्या दिवशी तिने तिच्या डब्यातला एक फुटाणा काढला आणि त्याच्या तोंडात घातला, खरा. त्याच्या मीटिंग असायच्या अमेरिकेच्या वेळेने, रात्रभर काम करून तो दिवसा हे सगळं करत होता.

आता दिल्लीची गोष्ट. व्हिसासाठी ज्या हॉटेलात होतो तिथे इटलीचं एक जोडपं होतं, त्यांच्यासोबत चारेक वर्षांचा मुलगा, आपल्याकडचाच, महाराष्ट्रातल्या एका संस्थेतून घेतलेला. ना त्यांना मराठी, ना हिंदी, इंग्रजी जेमतेम. नाश्त्याला मी नातीला म्हणाले, अगं सांडशील, नीट धर. त्याबरोबर तो मुलगा पलीकडच्या टेबलावरून उठला, धावत आला आणि त्याने माझा पदर घट्ट धरला. बोलला काही नाही, नुसता धरून उभा. त्याच्या कानावर किती दिवसांनी मराठी पडली असेल. मी त्याच्या केसांवर हात फिरवला आणि वर बघितलं तर त्या बाईचा चेहरा असा झाला होता की जणू कुणीतरी तिच्या हातातून काही काढून घेतलंय. पहिल्या दिवशीची मी असते तर त्याला मांडीवर घेऊन भरवलं असतं आणि स्वतःला पुण्य लागलं म्हणाले असते.

मी त्याला त्याच्या आईजवळ घेऊन गेले. माझी सून थोडं भाषांतर करायला बसली. त्या बाईने पर्समधून एक कागद काढला, त्यावर तिच्या लिपीत मराठी शब्द लिहिले होते, पाणी, जेवण, झोप, बस. मी म्हणाले अजून लिही. भूक लागली का. शू आली का. कुठे दुखतंय. भीती वाटते का. मी आहे ना. हे शेवटचं तिला जमेना, ती "आए ना, आए ना" म्हणायची. तीनचार वेळा म्हटल्यावर त्या पोराने तिच्याकडे बघितलं आणि तिचं चुकलेलं बरोबर करून सांगितलं, आहे ना. त्याने तिला शिकवलं! मग ती बाई मुद्दाम चुकीचं म्हणायला लागली आणि तो दरवेळी बरोबर करत होता, आणि माझा पदर त्याने कधी सोडला ते मला कळलंच नाही.

परदेशी जोडप्यांबरोबर जाणारी बरीच मुलं अशी मोठी असतात किंवा त्यांना काही आजार, व्यंग असतं. बाळाला भाषा नसली तरी चालते. चार वर्षांच्या मुलाला चालत नाही, त्याची सगळी दुनिया मराठीत असते आणि एका दिवसात ती बंद होते. म्हणून आपल्याकडच्या संस्थांना कळकळीची विनंती आहे, मूल सोपवताना त्याची रोजची वीस-पंचवीस वाक्यं त्या आईबापांना शिकवा, मोबाईलवर मावशीच्या आवाजात रेकॉर्ड करून द्या. काही खर्च नाही त्यात. आणि मूल सोपवणं अर्ध्या तासात उरकू नका. आम्हाला मूल मिळालं तेव्हा हॉल सजवला होता, पाहुणे होते, भाषणं झाली, फोटो झाले, आणि ज्या मावशीने तिला वर्षभर सांभाळलं ती दाराबाहेर उभी होती कारण तिची ड्युटी चालू होती. पोरगी गाडीत बसल्यावर मागच्या काचेतून तिलाच शोधत होती. संस्था वाईट नाही, मुलं स्वच्छ, नीट, गुटगुटीत होती. पण त्या मावशीला दोन दिवस आमच्या फ्लॅटवर येऊ दिलं असतं, तिने स्वतः मुलीचा हात सुनेच्या हातात दिला असता तर ती नववी रात्र कदाचित थोडी सोपी गेली असती. सुनेने नंतर तिला फोन करून विचारलं, हिला कशी झोपवायचात, तर कळलं की पाठीवर हळूहळू बोटाने रेघा ओढायच्या. एवढीशी गोष्ट, कुठल्याच अहवालात नव्हती. त्या मावशीने एक जुनी गोधडी पाठवली, ती आम्ही धुतली नाही. मला धुवायची फार होती, वास येत होता. सून म्हणाली, त्याच वासासाठी ठेवायची आहे.

आणि प्रवासात भेटणाऱ्या लोकांना पण सांगायचंय. नागपूर-दिल्ली विमानात शेजारच्या बाईंनी तिच्या समोर विचारलं, हिचे खरे आईवडील कुठे असतात हो? अहो, तिला मराठी कळतं! सव्वातीन वर्षांची आहे, मुकी नाही. माझ्या मुलाने शांतपणे सांगितलं, आम्हीच खरे. नंतर दिल्ली ते नेवार्क 15-16 तासांच्या प्रवासात ती कान दुखून रडत होती, तेव्हा एक आजोबा चॉकलेट घेऊन आले, द्या माझ्याकडे, मी फिरवतो म्हणाले. मनाने चांगले होते. मुलाने नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं. मी मागे जाऊन त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं, माझा पहिल्या दिवसाचा रुसवा पण सांगितला. तेपण नातवंडांकडेच चालले होते. उतरताना त्यांनी लांबूनच तिला टाटा केला, तिने बापाच्या खांद्याआडून एक डोळा काढून बघितलं आणि परत तोंड लपवलं. लपवलं! दूधवाल्याच्या गळ्यात पडणारी पोरगी! मला त्या विमानात नाचावंसं वाटलं.

तिच्या व्हिसावर तिकडे पाय ठेवला की मूल तिथलं नागरिक होतं, 2000 सालचा कायदा आहे. दोन वर्षांत सहा अहवाल कारात जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, समाजसेविका घरी येऊन बघून जाते. म्हणजे कागदावर सगळी काळजी घेतलेली आहे. पण तिला त्या दिवशी एवढंच कळत होतं की बाहेर काहीतरी भयंकर थंड आहे आणि माणसं कळत नाहीत अशी बोलतात. पहिले आठ-दहा दिवस झोपेचं वेळापत्रक उलटं होतं, पहाटे तीनला सगळं घर जागं. सून किचनच्या फरशीवर बसायची, खिचडी व्हायची, आणि खिडकीबाहेर काळोख असताना ती तिघं एका ताटात जेवायची. मी माझ्या खोलीतून ऐकायचे. वऱ्हाडी बोलते ती, सुनेने कधी तिला शुद्ध बोल म्हटलं नाही, उलट स्वतःच हो ऐवजी 'हाव' म्हणायला लागली.

तिकडच्या मराठी मंडळातल्या सुनेच्या मैत्रिणींना मोठं स्वागत करायचं होतं, हॉल घेऊ, साठ-सत्तर लोक, नाव ठेवण्याचा कार्यक्रम. सुनेने सांगितलं, चार महिन्यांनी. काहींना वाटलं, शिष्ट आहे, मुलीला लपवतेय. मीच एकेकीला फोन केले. तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर डबा करून दाराशी ठेवा आणि बेल वाजवून जा, असं सांगितलं. आणि बायांनी खरंच केलं हो, तीन आठवडे रोज कुणाचा ना कुणाचा डबा यायचा, भाजी-पोळी, कधी थालीपीठ, एकीने तर साजूक तूप कढवून दिलं.

आम्ही तिकडे पोचल्याला दोन आठवडे होत आले होते, म्हणजे पोरीला घरी आणून दोन महिने होऊन गेले होते. दुपारी घरासमोर ती नवीन बूट घालून पळत होती. मी पायरीवर बसलेले, सून लांब गाडीतून सामान काढत होती. ती अडखळून माझ्यापासून दोन हातांवर पडली, गुडघा फुटला. माझे हात आपोआप पुढे गेले. ती उठली, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या हातांना वळसा घालून रडत रडत तशीच पळत गेली, आई, आई, लागलं वं, आणि सुनेने हातातल्या पिशव्या तिथेच टाकल्या, टोमॅटो रस्त्यावर घरंगळत गेले.

मी ते टोमॅटो गोळा करत होते आणि मला इतकं रडायला येत होतं की दिसत नव्हतं. त्या संध्याकाळी सूनबाईने तेलाची वाटी आणि फणी आणून माझ्यापुढे ठेवली, आणि पोरीला म्हणाली, जा, आजीकडे बस, आजी वेणी घालेल.

आपली,
एक आजी, नाशिक